शर्यतीचा नियम कोण ठरवतो?

चैत्र लागला की जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत गावोगावच्या यात्रांना आरंभ होतो आणि बैलगाड्यांचे घाट जागे होतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. शर्यत असावी की नसावी, मुक्या जनावराच्या वेदनेचे काय, हा वाद आम्ही येथे उकरून काढत नाही. पंचशीलातील पहिले शील घेतलेल्यांनी त्याचे उत्तर आपल्या मनाला विचारावे. आमचे लक्ष आहे ते या शर्यतीच्या नियमाकडे.

आपल्याकडच्या घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो. चार बैल, पुढे घोडी, चढाची धाव आणि समोर घड्याळ. ठरलेल्या सेकंदांच्या आत जितके गाडे निशाण ओलांडतात तितके सगळे पहिल्या क्रमांकात धरले जातात आणि बक्षीस त्यांच्यांत वाटले जाते. सातारा-सांगलीकडची रीत निराळी. तेथे सपाट रानात अनेक गाड्या एकाच वेळी सुटतात. आधी गट, मग उपांत्य फेरी, मग अंतिम फेरी आणि शेवटी विजेता एकच. बैलांवरचा जीव दोन्हीकडे सारखा, खर्च सारखा, गुलालही सारखाच. परंतु एका ठिकाणी स्पर्धा घड्याळाशी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी शेजाऱ्याशी. घड्याळाशी स्पर्धा असली की शेजारी जोरात धावला म्हणून आपण हरत नाही. फार तर बक्षिसाचा वाटा थोडा कमी होतो. म्हणूनच आपल्याकडे दोन-तीन मालक आपापले बैल एकत्र जुंपून एक गाडा उभा करतात, आणि आज एकत्र आलेले उद्या निरनिराळ्या गाड्यांत असतात. जेथे शेवटी एकच उरायचा असतो, तेथे शेजाऱ्याच्या बैलाचा पाय मुरगळला तरी आपला लाभ होतो. माणसे बदलली नाहीत, नियम बदलला, आणि नियमाबरोबर माणसांचे एकमेकांशी वागणे बदलले.

या एवढ्याशा गोष्टीवर पाश्चात्त्य देशांत एक मोठे शास्त्र उभे राहिले आहे. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ मध्ये त्याचा पाया घातला. त्याला गेम थिअरी, म्हणजे खेळाचा सिद्धान्त म्हणतात. नाव खेळाचे असले तरी विषय खेळाचा नाही. माझ्या निर्णयाचे फळ केवळ माझ्यावर अवलंबून नसते, समोरचा काय करील यावरही ते अवलंबून असते. आणि समोरचाही माझ्याविषयी तोच विचार करीत असतो. बाजार, निवडणूक, युद्ध, वाटाघाट, परीक्षा, सगळीकडे हीच अवस्था. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी; गणिताच्या वाटेला फारसे गेलो नाही. तरीही या शास्त्रातील तीन-चार गोष्टी आपल्या समाजाच्या घरात पोहोचल्या पाहिजेत असे आम्हांस वाटते. याचे कारण असे की आपण स्पर्धेत जीव तोडून उतरतो, पण त्या स्पर्धेचा नियम कोणी आणि कोणासाठी लिहिला हे क्वचितच वाचतो.

प्रथम परीक्षांकडे पाहू. दहावीला पस्तीस टक्के मिळाले की मूल उत्तीर्ण होते. शेजारच्या मुलीला नव्वद मिळाले म्हणून आपल्या मुलाचे पस्तीस कमी होत नाहीत. हा आपल्या घाटाचा नियम. वसतिगृहात मोठी मुले लहानांना रात्री गणित समजावून सांगतात, ते या नियमाच्या छायेत शक्य होते. पुढे लोकसेवा आयोगाची किंवा पोलीस भरतीची परीक्षा येते आणि नियम पालटतो. जागा थोड्या, अर्ज लाखांत. येथे किती गुण मिळाले याला महत्त्व नाही, किती जणांच्या पुढे गेलो याला आहे. या प्रकारच्या स्पर्धेविषयी गॉर्डन टुलॉक या अर्थशास्त्रज्ञाने १९८० मध्ये एक हिशेब मांडला. सर्व स्पर्धक समबळ आहेत आणि प्रत्येकाची संधी त्याने केलेल्या खर्चाच्या प्रमाणात आहे असे गृहीत धरले, तर दोन स्पर्धक मिळून बक्षिसाच्या निम्म्याइतका खर्च करतात. दहा असतील तर बक्षिसाच्या नऊ दशांश. आणि संख्या वाढत गेली की जवळजवळ सगळे बक्षीस स्पर्धेतच खर्ची पडते. जिंकणारा एक, खर्च मात्र सर्वांचा, आणि हरणाऱ्याचा खर्च परत मिळत नाही. पुण्यातील पेठांमधल्या अभ्यासिकांत आपली कितीतरी मुले वयाची पंचविशी, तिशी ओलांडत आहेत. त्यांच्या पालकांना हा हिशेब कोणी सांगितलेला नाही. क्लासवाले तो सांगणार नाहीत. त्यांचे उत्पन्न हरणाऱ्यांच्याच खर्चातून येते.

म्हणून स्पर्धा परीक्षा देऊच नये काय? आमचे म्हणणे तसे नाही. शासनयंत्रणेत आपली माणसे असणे ही मोक्याची जागा आहे, आणि ती मोकळी सोडणे परवडणारे नाही. पण घरातील एकुलते मूल आणि एकुलती जमीन दोन्ही एकाच डावावर लावणे याला जिद्द म्हणणे आम्हांस कठीण जाते. किती वर्षे द्यायची, किती पैसे द्यायचे, हे डाव सुरू होण्यापूर्वी ठरवून कागदावर लिहावे. हरल्यावर ठरवायला बसलो तर ‘आणखी एक वर्ष’ या दोन-तीन शब्दांतून कोणी सुटत नाही.

याच शास्त्राचा दुसरा निष्कर्ष आपल्या अधिक उपयोगाचा आहे, आणि गुणवत्तेच्या नावाने आरक्षणावर टीका करणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा. स्पर्धक विषम असतील, म्हणजे एकाला प्रयत्न स्वस्त पडत असेल आणि दुसऱ्याला महाग, तर दुर्बळ स्पर्धक लवकर हात टेकतो. आणि तो हात टेकतो हे ठाऊक असल्यामुळे सबळ स्पर्धकही ढिला पडतो. दोघांचा मिळून प्रयत्न घटतो. दुर्बळाला योग्य तेवढी सवलत देऊन स्पर्धा अटीतटीची केली तर दोघांचाही प्रयत्न वाढू शकतो. ज्या घरात वीज, टेबल आणि तीन पिढ्यांची पुस्तके आहेत त्या घरातील मुलाचा एक तास, आणि ज्या मुलीला टोमॅटोच्या तोडणीवरून आल्यावर पुस्तक उघडावे लागते तिचा एक तास, घड्याळात सारखे भरतात. त्यांची किंमत सारखी नसते. आरक्षणाने स्पर्धा मोडते असे म्हणणाऱ्यांनी स्पर्धेचे शास्त्र वाचलेले नसते. अर्थात आरक्षणाचा मूळ आधार हा नव्हे. तो प्रतिनिधित्वाचा आणि न्यायाचा आहे. पण प्रतिपक्ष ज्या अंगणात उभा राहून बोलतो त्या अंगणातही त्याचे म्हणणे टिकत नाही, एवढे दाखवून ठेवणे बरे.

आता मुख्य विषय. नियम वाचणारा माणूस कसा असतो हे आपल्याला बाहेर शोधायला नको. बाबासाहेबांच्या राजकीय चरित्राचा मोठा भाग म्हणजे निवडणुकीच्या नियमांशी दिलेली झुंज आहे. आपण त्यांच्या सभा, सत्याग्रह, ग्रंथ यांची उजळणी करतो. मतपेटीच्या नियमांकडे मात्र रुक्ष म्हणून दुर्लक्ष करतो.

ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दोन मते दिली होती. एक मत स्वतंत्र मतदारसंघात आपला प्रतिनिधी निवडण्यासाठी, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. पहिल्या मताने आपला माणूस आपल्यालाच उत्तरदायी राहिला असता. दुसऱ्या मतासाठी सवर्ण उमेदवाराला आपल्या वस्तीत यावे लागले असते. २० सप्टेंबर १९३२ रोजी गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात आमरण उपोषण आरंभिले. थॉमस शेलिंग यांनी १९६० मध्ये संघर्षाच्या डावपेचांवर जो ग्रंथ लिहिला, त्यातील एक सूत्र येथे तंतोतंत लागू पडते. वाटाघाटीत जो स्वतःला जाहीरपणे बांधून घेतो आणि माघारीची वाट स्वतःहून बंद करतो, त्याचे बळ वाढते. कारण आता आपत्ती टाळण्याचे ओझे समोरच्यावर पडते. अरुंद घाटरस्त्यावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी एका चालकाने सर्वांच्या देखत सुकाणू उपटून दरीत फेकले, तर वळण्याचे काम दुसऱ्याचे होते.

परंतु १९३२ च्या प्रसंगात एक भर होती, ती या दृष्टान्तात येत नाही. दुसऱ्या गाडीत बाबासाहेब एकटे नव्हते. गांधीजींच्या जिवाला काही झाले असते तर त्याची किंमत पुण्यामुंबईतील पुढाऱ्यांनी मोजली नसती. ती मोजली असती खेड्याखेड्यांच्या कडेला विखुरलेल्या, शस्त्रहीन, भूमिहीन वस्त्यांनी. जुन्नर-आंबेगावच्या महारवाड्यांनीही. ही माणसे त्या वाटाघाटीत ओलीस होती. जे लोक आजही बाबासाहेबांनी २४ सप्टेंबरला सही का केली असे विचारतात, त्यांनी ओलिसांची गणती करून मग विचारावे.

सहीच्या बदल्यात राखीव जागा जवळजवळ दुप्पट झाल्या. करारात त्या १४८ होत्या. स्वतंत्र मतदारसंघ गेला, दुसरे मत गेले, आणि त्यांच्या जागी एक द्विस्तरीय पद्धत आली. आधी केवळ अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवारांचे मंडळ निवडायचे, मग त्या चारांतून एकाला संयुक्त मतदारसंघाने निवडायचे. वरवर पाहता हा मधला मार्ग दिसतो. डाव म्हणून पाहिला की त्याची मेख ध्यानात येते. बहुसंख्याकांना चारही उमेदवार आपल्या सोयीचे असण्याची गरज नाही. चारांपैकी एक पुरतो. समाजाने ज्याला चौथ्या क्रमांकावर ढकलले तोच अंतिम फेरीत सर्वांच्या मतांनी पहिला येऊ शकतो, आणि समाजाने डोक्यावर घेतलेला पहिला क्रमांक घरी बसतो. १९४५ च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी काँग्रेसच्या कारभाराची जी झडती घेतली, तीत हा दोष उलगडून दाखविला आहे.

मग १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाला मुंबई प्रांतात यश कसे मिळाले? ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेल्या पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतील बहुसंख्य निवडून आले. खुद्द बाबासाहेबांनी मुंबईत काँग्रेसचे उमेदवार, विख्यात क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांचा पराभव केला. याचे श्रेय संघटनेला आहेच. पण एक श्रेय मतदानाच्या नियमालाही आहे, आणि त्या नियमाचा बाबासाहेबांनी आग्रहाने पुरस्कार केला होता. मुंबई प्रांतातील बहुसदस्य मतदारसंघांत संचित मतदानाची पद्धत होती. जितक्या जागा तितकी मते. आणि मतदाराने ती सगळी मते हवी तर एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकावीत.

फळ्यावर मांडावे तसे मांडू. तीन जागा, एक हजार मतदार, प्रत्येकाला तीन मते. आपले मतदार २६०, इतर ७४०. आपण सगळी मते एका उमेदवाराला दिली तर त्याला ७८० मते पडतात. इतरांनी आपली २,२२० मते तीन उमेदवारांत सारखी वाटली तर प्रत्येकी ७४० होतात. आपला उमेदवार पहिला! चौथाईहून थोडे अधिक लोक एकजूट राहिले तर त्यांची एक जागा कोणी हिरावू शकत नाही. राखीव जागेवर आपल्याला नको असलेला माणूस बसवायचा झाला तर बहुसंख्याकांना स्वतःच्या इतर उमेदवारांची मते कापून त्याला द्यावी लागत. आपल्या अंगणात ढवळाढवळ करण्याची त्यांना किंमत मोजावी लागे.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हा नियम राहिला नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने द्विसदस्य मतदारसंघात मतदाराला दोन मते दिली, पण एका उमेदवाराला एकच देता येईल असे ठरविले. हा कायदा संसदेत संमत झाला तेव्हा कायदामंत्री बाबासाहेबच होते, हे येथे लपवून ठेवण्याचे कारण नाही. मंत्रिपदावर असणे आणि सभागृहातील बहुमत हाती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या नव्या नियमाचा परिणाम पाहा. बहुसंख्य मतदाराने पहिले मत आपल्या सर्वसाधारण उमेदवाराला दिले की दुसरे मत त्याच्या हाती उरते. ते त्याच उमेदवाराला देता येत नाही. ते राखीव जागेच्या उमेदवाराला दिले तर त्याचे काहीच जात नाही. म्हणजे आपला प्रतिनिधी कोण असावा हे ठरविण्याचे जे मत १९३७ मध्ये त्याला महाग पडत होते, ते आता फुकट झाले. जानेवारी १९५२ मध्ये उत्तर मुंबई मतदारसंघात बाबासाहेब नारायण सदोबा काजरोळकरांकडून साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी हरले. प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी होती. एकाच पेटीत दोन्ही मतपत्रिका टाकल्या की त्यांतील एक बाद होई. बाबासाहेब आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी जो निवडणूक अर्ज दाखल केला त्यात ७४,३३३ मते अशी बाद झाल्याचे म्हटले होते, आणि मते मुद्दाम कुजविण्याचा प्रचार झाल्याची तक्रार होती. पराभवाच्या अंतराहून कुजलेली मते पाचपट!

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. तीही द्विसदस्य, तीही एका उमेदवाराला एकच मत देण्याच्या नियमाची. त्या नियमात एक फट होती. आधी राखीव जागा भरायची, मग उरलेल्यांत ज्याला अधिक मते तो दुसऱ्या जागेवर. मग तो कोणत्या जातीचा आहे हे पाहायचे नाही. पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी १९५७ मध्ये पार्वतीपुरम येथे याच तरतुदीमुळे हरले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये तो निकाल कायम केला. म्हणजे आपल्या मतदारांनी दुसरे मत कोणालाच न देता कुजविले असते, तर सर्वसाधारण उमेदवारांची मते खाली राहून बाबासाहेबांची शक्यता वाढली असती. कार्यकर्त्यांनी तसे सुचविले आणि बाबासाहेबांनी त्यास साफ नकार दिला, ही आठवण चळवळीत जपली गेली आहे. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले.

हा नकार आम्हांला त्यांच्या अनेक विजयांहून मोठा वाटतो, आणि केवळ नीतीच्या दृष्टीने नव्हे. जो संचित मतदानाचा नियम लिहून घेण्यासाठी झगडला, त्यानेच फट सापडली असता ती वापरली नाही. नियम बदलून घेणे वेगळे आणि नियम कुजविणे वेगळे. आपली मते कुजवून एक निवडणूक जिंकता येते. परंतु पुढच्या प्रत्येक निवडणुकीत ज्या मित्राची गरज लागणार, तो मित्र त्या दिवसापासून आपल्यावर विश्वास ठेवत नाही. एकदाच खेळायचा डाव आणि पुन्हा पुन्हा खेळायचा डाव यांतील भेद तो हाच. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले. हा भेद संपला नाही.

त्या विश्वासाचे फळ आपल्याच मुलखात दिसले. १९५७ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सहभागी होते, आणि पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील खेड मतदारसंघातून फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके लोकसभेवर गेले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला काही महिनेच झाले होते. या भागात आपली वस्ती किती, हे वाचकांस सांगायला नको. केवळ आपल्या मतांवर तो विजय शक्य नव्हता. समितीतील इतरांनी दिलेला शब्द पाळला आणि आपणही पाळला, म्हणून तो घडला. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. त्यानंतरच्या फाटाफुटीची कथा आम्ही सांगत बसत नाही. एका गटाने माघार घेतली तर दुसरा जिंकतो हे प्रत्येक गटाला कळते. पण माघार आपणच का घ्यायची हेही प्रत्येकाला कळते. शेवटी सगळे उभे राहतात आणि सगळे पडतात. शास्त्रात याला कैद्यांच्या कोंडीचे भावंड म्हणता येईल. आपल्याकडे त्याला गटबाजी म्हणतात, आणि दोष माणसांच्या स्वभावाला देऊन मोकळे होतात. माघारीच्या बदल्यात माघार घेणाऱ्याला काय मिळेल, हे आधी लिहून ठेवणारी व्यवस्था आपण निर्माण केली नाही, हा खरा दोष आहे.

आज गावागावांत जुना डाव नव्या रूपात चालू आहे. सरपंचपद सोडतीत अनुसूचित जातीसाठी राखीव निघाले की दुसऱ्या दिवसापासून वाड्यावरून आपल्या वस्तीत माणसे येऊ लागतात. कोणी तरी ‘आपला’ शोधला जातो: कर्जात असलेला, ऊसतोडीचा मुकादम ज्याला ओळखतो तो, किंवा जिचा नवरा कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर आहे अशी भगिनी. चारांपैकी एक पुरतो! अशा व्यक्तीला आम्ही दोष देत नाही. तिच्या जागी असलेल्याला नकाराची किंमत फार पडते. पण वस्तीने सोडतीपूर्वीच बुद्धविहारात बसून एक नाव ठरविले, आणि त्या नावाच्या पाठीशी थोडीबहुत वर्गणी, ऐन वेळी मजुरी बुडाली तर मदत, असा आधार उभा केला, तर तो नकार स्वस्त होईल. करायचे ते एवढेच आहे. घोषणांनी ते होत नाही, वहीत मांडलेल्या हिशेबाने होते.

आतापर्यंत स्पर्धेविषयी लिहिले. स्पर्धेत निदान कोणी तरी जिंकतो. संघर्ष त्याहून वाईट. त्यात दोघेही बुडू शकतात. या दोन तालुक्यांत अशा संघर्षाचे नाव पाणी. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे वर आपल्याकडे आहेत आणि लाभक्षेत्र खाली पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पसरले आहे. उन्हाळी आवर्तनाची वेळ आली की वरचे म्हणतात पाणी सोडू नका, खालचे म्हणतात आमच्या हक्काचे आहे. डिंभे ते माणिकडोह बोगद्याचा प्रश्न निघाला की आंबेगावात एक बोलणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यात नेमके उलटे. वरच्याला वाटते, आज घेतले नाही तर उद्या उरणार नाही; खालच्याला वाटते, आज ओरडलो नाही तर उद्या मिळणार नाही. दोघेही आपापल्या जागी शहाणे आहेत आणि दोघांच्या शहाणपणातून कालव्याच्या शेवटी कोरडा पाट उरतो.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे ते अशाच पाण्याचे आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यामधून रोहिणी नदी वाहते; तिचे पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून मारामारी होते; शाक्य संघात सेनापती युद्धाचा ठराव आणतो. सिद्धार्थ त्याला दुरुस्ती सुचवितो: आपण दोघे निवडू, कोलियांनी दोघे निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. ठराव मतास पडतो आणि सिद्धार्थ हरतो. पुढे सैन्यभरतीला त्याने नकार दिल्यावर कुटुंबावर बहिष्काराची आणि जमीन जप्तीची धमकी येते, तेव्हा तो स्वतःसाठी परिव्रज्येचा मार्ग निवडतो, जेणेकरून त्याच्या नकाराची शिक्षा घरच्यांना भोगावी लागू नये. ओलीस सोडविण्याचा याहून स्वच्छ मार्ग आम्हांस इतिहासात किंवा काव्यात दिसलेला नाही. तो निघून गेल्यावर मात्र शाक्य आणि कोलिय दोघांनी प्रत्येकी पाच माणसे नेमली आणि रोहिणीच्या पाण्याचा प्रत्येक तंटा सोडविण्यासाठी कायमचे लवाद मंडळ स्थापले, असे बाबासाहेब पुढे सांगतात. सिद्धार्थाने सुचविलेला मार्ग एकदाच्या तंट्यासाठी होता. अखेर उभे राहिले ते कायमचे मंडळ. डाव पुन्हा पुन्हा खेळायचा आहे हे दोघांच्या ध्यानात आले होते.

आपल्याकडे कालवा सल्लागार समिती आहे. आवर्तनाचा निर्णय तीत होतो. तिच्या बैठकीच्या बातम्या वाचल्या की आमदार, कारखान्यांचे संचालक, बागायतदार यांची नावे दिसतात. ज्यांची जमीन आणि गावे डिंभ्याच्या पाण्याखाली गेली त्या आदिवासींचे नाव दिसत नाही. ज्यांच्याकडे पाटाखाली भिजवायला गुंठाभर रान नाही, पण आवर्तन चुकले की ज्यांची मजुरी सर्वांत आधी बुडते, त्या भूमिहीनांचेही नाही. रोहिणीच्या पाचांत पाचवा कोण, हा प्रश्न कुकडीला अजून विचारला गेलेला नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, पाटबंधारे खात्यात काम केलेले आहेत, दोन्ही तालुक्यांतील ग्रामपंचायतींत निवडून आलेले आहेत. पुढच्या उन्हाळी आवर्तनापूर्वी त्यांनी एकत्र बसून या दोन घटकांच्या प्रतिनिधित्वाचे निवेदन तयार करावे आणि जुन्नर व आंबेगाव या दोन्ही तहसील कचेऱ्यांत एकाच दिवशी द्यावे. निवेदनाचा पहिला मसुदा करण्यास आम्ही तयार आहोत. शाळेच्या वाचनालयात रविवारी बसता येईल.